मारिओ कार्ट डीएस

मारिओ कार्ट डीएस हा निंटेंडो या जपानी कंपनीने विकसित व प्रकाशित केलेला, गाड्यांच्या शर्यतींचा व्हिडिओ गेम आहे. तो 'निंटेंडो डीएस' या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी तयार करण्यात आला आणि १४ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर अमेरिकेत, त्याच महिन्यात युरोपात व ऑस्ट्रेलियात, तर ८ डिसेंबर २००५ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. 'मारिओ कार्ट' मालिकेतील हा पाचवा घरगुती खेळ असून हातातल्या कन्सोलसाठीचा दुसरा आहे. इंटरनेटवरून दूरच्या खेळाडूंशी शर्यत लावण्याची सोय या मालिकेत प्रथम याच खेळाने दिली. निंटेंडोच्या आकडेवारीनुसार त्याच्या सुमारे २ कोटी ३६ लाख प्रती विकल्या गेल्या.

हा खेळ आणखी दोन कारणांनी अभ्यासाचा विषय ठरला आहे. वळणावर वेग मिळवण्याची जी सोय निर्मात्यांनी दिली होती, तिचा वापर खेळाडूंनी सरळ रस्त्यावर सुरू केला आणि त्यातून 'स्नेकिंग' नावाचा दीर्घकाळ चाललेला वाद निर्माण झाला. पुढे २०१४ साली या खेळाची इंटरनेट सेवा बंद झाली, तेव्हा विकत घेतलेल्या खेळाचा एक महत्त्वाचा भाग कायमचा हरवू शकतो, ही बाब असंख्य खेळाडूंच्या अनुभवास आली.

पार्श्वभूमी

'सुपर मारिओ कार्ट' हा मालिकेतील पहिला खेळ १९९२ साली 'सुपर निंटेंडो' या घरगुती कन्सोलवर आला. खऱ्या मोटारशर्यतींचे अनुकरण करण्याऐवजी त्यात निंटेंडोच्या प्रसिद्ध पात्रांना छोट्या उघड्या गाड्यांत, म्हणजे कार्टमध्ये, बसवले होते. एकमेकांवर कासवाची कवचे फेकणे, रस्त्यावर केळीच्या साली टाकणे असे खोडकर डावपेच हा या शर्यतीचा स्वभाव ठरला. त्यानंतर १९९६ मध्ये 'मारिओ कार्ट ६४', २००१ मध्ये 'गेम बॉय ॲडव्हान्स' या हातातल्या कन्सोलसाठी 'मारिओ कार्ट: सुपर सर्किट' आणि २००३ मध्ये 'गेमक्यूब'साठी 'मारिओ कार्ट: डबल डॅश' हे खेळ आले.

निंटेंडो डीएस हा कन्सोल नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत व पुढील महिन्यात जपानमध्ये दाखल झाला. पुस्तकाप्रमाणे उघडणाऱ्या या यंत्राला एकाखाली एक असे दोन पडदे होते. त्यांपैकी खालचा पडदा स्पर्शाला प्रतिसाद देणारा होता. दोन्ही पडद्यांची कर्णरेषा सुमारे ३ इंच आणि प्रत्येकाची रचना २५६ × १९२ बिंदूंची होती. यंत्रात मायक्रोफोन होता, तसेच तारेविना दुसऱ्या यंत्राशी व इंटरनेटशी जोडले जाण्याची सोय होती. मारिओ कार्ट डीएसच्या रचनेत या प्रत्येक सोयीचा उपयोग केलेला आढळतो.

खेळाची निर्मिती निंटेंडोच्या 'ईएडी' या अंतर्गत विभागाने केली. निर्माते हिदेकी कोन्नो हे १९९२ च्या पहिल्या खेळाच्या दिग्दर्शकांपैकी एक होते.

खेळाचे स्वरूप

खेळाडू एक पात्र व एक कार्ट निवडतो आणि आठ गाड्यांच्या शर्यतीत उतरतो. बहुतेक धावमार्गांवर तीन फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. आरंभी मारिओ, लुईजी, पीच, योशी, टोड, डाँकी काँग, वारिओ व बाउझर ही आठ पात्रे उपलब्ध असतात. खेळात प्रगती केल्यावर डेझी, ड्राय बोन्स, वालुईजी व रॉब ही आणखी चार पात्रे मिळतात. रॉब हे पात्र निंटेंडोने १९८५ साली विकलेल्या एका खेळण्यातल्या यंत्रमानवावरून घेतले आहे.

प्रत्येक पात्राच्या तीन याप्रमाणे एकूण ३६ कार्ट आहेत. कमाल वेग, वेग पकडण्याची क्षमता, वजन, हाताळणी, घसरत वळण्याची क्षमता आणि वस्तू मिळण्याची शक्यता अशा सहा निकषांवर त्या एकमेकींपासून वेगळ्या ठरतात. जड गाडीचा कमाल वेग साधारणतः अधिक असतो, परंतु धक्का बसून थांबल्यावर पुन्हा वेग घेण्यास तिला वेळ लागतो. हलक्या गाडीचे याच्या उलट असते. खेळाडू खालच्या पडद्यावर लेखणीने स्वतःचे चिन्ह रेखाटू शकतो आणि ते चिन्ह त्याच्या गाडीवर झळकते.

खेळाचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

ग्रां प्री: यात एका चषकासाठी चार शर्यती होतात. पहिल्या क्रमांकास १०, दुसऱ्यास ८, तिसऱ्यास ६ आणि त्यापुढे ४, ३, २, १ असे गुण मिळतात. आठव्या क्रमांकाला गुण नसतो. म्हणजे चारही शर्यती जिंकणाऱ्याला ४० गुण मिळतात. इंजिनाच्या क्षमतेनुसार ५०, १०० व १५० सीसी असे वेगाचे तीन वर्ग आहेत. पुढे मार्ग आरशातल्याप्रमाणे उलटा दाखवणारा चौथा वर्गही खुला होतो. हा प्रकार एकट्याने खेळायचा आहे.

टाइम ट्रायल: येथे प्रतिस्पर्धी नसतात व आरंभी मिळणाऱ्या अळंबीखेरीज अन्य वस्तू नसतात. कमीत कमी वेळात मार्ग पूर्ण करणे हे उद्दिष्ट असते. खेळाडूची सर्वोत्तम धाव 'घोस्ट' म्हणजे अर्धपारदर्शक गाडीच्या रूपाने साठवली जाते. पुढच्या वेळी तिच्यासोबत धावून कोणत्या वळणावर वेळ गेला व कोणत्या वळणावर वाचला, हे पाहता येते. ही धाव तारेविना दुसऱ्या कन्सोलवर पाठवताही येते.

मिशन: यात ठरावीक वेळेत कड्यांमधून जाणे, नाणी गोळा करणे, उलट दिशेने गाडी चालवणे अशा छोट्या कामगिऱ्या असतात. प्रत्येक पातळीत अशा आठ कामगिऱ्या व अखेरीस एका बलाढ्य शत्रूशी सामना असतो. सहा पातळ्यांतील सर्व कामगिऱ्यांत ताऱ्यांची श्रेणी मिळवली की सातवी पातळी उघडते. गाडीवर ताबा मिळवण्याचा हा एक प्रकारे क्रमवार अभ्यासक्रमच आहे.

लढत: येथे अंतिम रेषा नसते. बंदिस्त मैदानात एकमेकांच्या गाडीला बांधलेले फुगे फोडायचे असतात. राखीव फुगा फुगवण्यासाठी खेळाडूला कन्सोलच्या मायक्रोफोनवर प्रत्यक्ष फुंकर घालावी लागते. ज्याला हे सोयीचे नसेल त्याला त्यासाठी एक बटणही दिले आहे. लढतीच्या सहा मैदानांपैकी एकाचा आकार खुद्द निंटेंडो डीएस यंत्रासारखा आहे.

नियंत्रण आणि दोन पडदे

गाडी डाव्या अंगठ्याने, चार दिशा दाखवणाऱ्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या बटणाने वळवली जाते. 'ए' बटणाने वेग मिळतो, 'बी' बटणाने गाडी थांबते, उजव्या खांद्यावरील 'आर' बटणाने ती उडी घेते व घसरते, तर डाव्या खांद्यावरील 'एल' बटणाने हाती असलेली वस्तू वापरली जाते. अंगठा स्पर्श-पडद्याकडे न्यावा लागू नये म्हणून शर्यतीतील सर्व आवश्यक हालचाली बटणांवरच ठेवल्या आहेत. घरगुती कन्सोलवरील दांडीने गाडी थोडी किंवा अधिक वळवता येते. डीएसच्या बटणाला मात्र 'दाबलेले' आणि 'सोडलेले' एवढ्या दोनच अवस्था आहेत. त्यामुळे सौम्य वळणासाठी खेळाडूला ते बटण थांबून थांबून टिचकावे लागते.

वरच्या पडद्यावर धावमार्ग त्रिमितीत दिसतो. खालच्या पडद्यावर नकाशा असतो. त्यात जवळच्या गाड्या, रस्त्यावर पडलेल्या साली आणि मागून येणारी कवचे दिसतात. सर्व स्पर्धकांचा क्रम व त्यांच्या हाती कोणती वस्तू आहे हेही तेथे कळते. पडद्याला स्पर्श केल्यास संपूर्ण मार्गाचा नकाशा पाहता येतो. या विभागणीमागे तांत्रिक कारणही आहे. डीएसमध्ये त्रिमितीय चित्रे तयार करणारी यंत्रणा एकच होती आणि दोन्ही पडद्यांवर त्रिमितीय चित्र दाखवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मीच चित्रे येत. खाली साधा द्विमितीय नकाशा ठेवल्यामुळे वरच्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवणे शक्य झाले. शर्यतीच्या खेळात बटण दाबणे आणि गाडी वळणे यांतील अंतर जितके कमी, तितका ताबा चांगला. त्यामुळे या निवडीचा थेट परिणाम खेळण्याच्या अनुभवावर झाला.

वस्तू आणि शर्यतीचा समतोल

मार्गावर ठिकठिकाणी तरंगणाऱ्या पेट्यांना धडक दिली की एखादी वस्तू मिळते. हिरवे कवच सरळ जाते, लाल कवच पुढच्या गाडीचा पाठलाग करते, निळे काटेरी कवच सर्वांत पुढे असलेल्या गाडीवर जाऊन फुटते. अळंबी क्षणभर वेग वाढवते, तारा काही काळ अभेद्य करतो आणि वीज इतर सर्व गाड्यांना लहान व मंद करते.

दोन वस्तू या खेळात प्रथम आल्या. 'बुलेट बिल' हा तोफगोळा मागे पडलेल्या गाडीला आपल्या रूपात घेऊन आपोआप वेगाने पुढे नेतो. 'ब्लूपर' हा माकूळासारखा जलचर पुढच्या खेळाडूंच्या वरच्या पडद्यावर काळी शाई फेकतो. शाईमुळे रस्ता झाकला गेला तरी खालचा नकाशा स्वच्छ राहतो. त्यामुळे सराईत खेळाडू केवळ नकाशा पाहून गाडी हाकतो.

या वस्तूंचे वाटप निव्वळ योगायोगावर सोडलेले नाही. पहिल्या क्रमांकावरील गाडीला बहुधा केळीची साल किंवा हिरवे कवच अशा संरक्षणापुरत्या वस्तू मिळतात. तारा, वीज किंवा बुलेट बिल यांसारख्या प्रभावी वस्तू मागच्यांच्या वाट्याला येतात. कमी सराव असलेल्या खेळाडूलाही अखेरच्या फेरीपर्यंत आशा राहावी, हा यामागील हेतू दिसतो. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ एकाच शर्यतीत उतरले तरी दोघांनाही रस वाटावा, अशी ही रचना आहे.

ड्रिफ्ट आणि मिनी-टर्बो

वळणावर वेग न गमावता गाडी आडवी घसरवत नेणे म्हणजे 'ड्रिफ्ट'. त्यासाठी वळताना 'आर' बटण दाबून धरावे लागते. गाडी घसरत असताना दिशेचे बटण डावीकडे-उजवीकडे असे आलटून पालटून दाबले की चाकांपाशी ठिणग्या उडू लागतात. प्रथम त्या निळ्या असतात. हीच क्रिया पुन्हा केल्यावर त्या तांबड्या होतात. तांबड्या ठिणग्या दिसल्यावर 'आर' सोडले की गाडीला अल्पकाळ अतिरिक्त वेग मिळतो. यालाच 'मिनी-टर्बो' म्हणतात.

या सोयीचा अपेक्षित उपयोग स्पष्ट आहे. वळण नीट घेणाऱ्याला वळणाच्या शेवटी छोटेसे बक्षीस मिळावे, इतकाच तिचा उद्देश दिसतो. परंतु गाडी खरोखर वळणावर आहे की सरळ रस्त्यावर, याची तपासणी खेळ करत नाही. घसरण्यास आरंभ झाला आणि बटणे ठरलेल्या क्रमाने दाबली गेली, की मिनी-टर्बो मिळतोच. पुढील वादाचे मूळ नियमातील या मोकळ्या जागेत आहे.

स्नेकिंग

सरळ रस्त्यावर प्रथम एका बाजूस घसरून मिनी-टर्बो मिळवायचा, तो संपण्याच्या आत विरुद्ध बाजूस घसरून दुसरा मिळवायचा आणि हा क्रम अखंड चालू ठेवायचा, या तंत्राला 'स्नेकिंग' म्हणतात. गाडीची वाट सापाच्या चालीसारखी नागमोडी दिसते, म्हणून हे नाव पडले. अंतर किंचित वाढते, परंतु गाडी जवळजवळ सतत वाढीव वेगात राहते. घसरत वळण्याची क्षमता चांगली असलेल्या कार्टमध्ये आणि रुंद मार्गांवर हे तंत्र विशेष परिणामकारक ठरते. अरुंद किंवा सतत वळणांच्या मार्गांवर त्याचा लाभ कमी होतो.

या तंत्रात पारंगत झालेला खेळाडू सर्वसाधारण खेळाडूला इतका मागे टाकू शकतो की वस्तूंच्या वाटपातून साधलेला समतोल निष्फळ होतो. निळे कवच लागूनही त्याची आघाडी टिकून राहते. घरातल्या किंवा शेजारच्या खेळाडूंमध्ये हा प्रश्न आपसांत बोलून सुटत असे. इंटरनेटवर मात्र अनोळखी प्रतिस्पर्धी समोर येत. शर्यत चालू असताना बोलण्याची किंवा संदेश पाठवण्याची सोय नव्हती. त्यामुळे 'असे खेळायचे नाही' हा संकेत आधी ठरवणे शक्य नव्हते.

स्नेकिंगच्या विरोधकांचे म्हणणे असे की हे तंत्र खेळाच्या हेतूला धरून नाही. त्यामुळे निवडीचे वैविध्य संपते, कारण जिंकायचे तर ठरावीक कार्ट आणि ठरावीक हालचाल यांवाचून गत्यंतर राहत नाही. दिशेचे छोटे बटण मिनिटामिनिटाला असंख्य वेळा दाबल्याने अंगठ्यावर ताण येतो, हा आक्षेपही घेतला गेला.

समर्थकांचा युक्तिवाद वेगळा होता. येथे यंत्रात फेरफार केलेला नाही किंवा कोणतेही बाह्य साधन वापरलेले नाही. बटणांचा वापर प्रत्येकाला सारखाच खुला आहे. हे तंत्र साध्य होण्यास दीर्घ सराव लागतो आणि सरावाने मिळालेल्या कौशल्याला लबाडी म्हणणे अन्यायाचे आहे. टाइम ट्रायलमध्ये तर प्रतिस्पर्ध्यावर अन्याय होण्याचा प्रश्नच नसल्याने तेथे या तंत्राने विक्रम नोंदवणे स्वाभाविक मानले गेले.

दोन्ही बाजू न्यायाचीच भाषा बोलत होत्या, परंतु न्यायाच्या त्यांच्या कल्पना भिन्न होत्या. एका बाजूस मागे पडलेल्यालाही संधी मिळणे न्याय्य वाटत होते, तर दुसरीस अधिक मेहनत करणाऱ्याला अधिक फळ मिळणे. वस्तूंचे वाटप पहिल्या कल्पनेवर आणि मिनी-टर्बो दुसऱ्या कल्पनेवर आधारलेला होता. एकाच खेळात दोन्ही तत्त्वे नांदत होती आणि मिनी-टर्बोचा लाभ वळणांपुरता मर्यादित होता तोवर त्यांचा संघर्ष जाणवत नव्हता. मैदानी खेळांतही असे प्रसंग येतात. क्रिकेटमध्ये चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाला गोलंदाजाने धावबाद करणे नियमात बसते, तरी ते खिलाडूपणाचे आहे की नाही, यावर दीर्घकाळ मतभेद राहिले. नियमाने दिलेली मुभा आणि खेळणाऱ्यांनी मानलेला संकेत यांतील अंतर हा अशा वादांचा समान धागा आहे.

२००८ साली आलेल्या 'मारिओ कार्ट वी'मध्ये निंटेंडोने मिनी-टर्बोची पद्धत बदलली. दिशेचे बटण आलटून पालटून दाबण्याऐवजी गाडी पुरेसा वेळ घसरत राहिली तरच अतिरिक्त वेग मिळेल, अशी व्यवस्था करण्यात आली. सरळ रस्त्यावर तितका वेळ घसरणे फायद्याचे नसल्याने स्नेकिंग बहुतांशी निरुपयोगी झाले. पुढील खेळांतही घसरण्याच्या कालावधीवर आधारलेली पद्धतच कायम राहिली.

धावमार्ग

खेळात एकूण ३२ धावमार्ग असून ते आठ चषकांत विभागलेले आहेत. त्यांपैकी अळंबी, फूल, तारा व विशेष या चार चषकांतील १६ मार्ग नवे आहेत. कवच, केळे, पान व वीज या चषकांतील उर्वरित १६ मार्ग आधीच्या चार खेळांतून प्रत्येकी चार याप्रमाणे घेतले आहेत. या चारही चषकांत प्रत्येक जुन्या खेळातील एकेक मार्ग येतो.

नव्या मार्गांत आठाच्या आकड्याचा सोपा 'फिगर-एट सर्किट', भल्यामोठ्या पिनबॉल यंत्रात घडणारा 'वालुईजी पिनबॉल', घड्याळाच्या फिरत्या चक्रांवरून नेणारा 'टिक-टॉक क्लॉक' आणि समोरून येणाऱ्या वाहनांमधून वाट काढायला लावणारा डोंगरी 'श्रूम रिज' हे उल्लेखनीय आहेत. 'रेनबो रोड' या नावाचा मार्ग मालिकेतील प्रत्येक मुख्य खेळात असतो. डीएसमधील रेनबो रोडवर गाडी उभ्या वर्तुळाकार कड्यातून पूर्ण उलटी होऊन जाते.

जुन्या मार्गांत मालिकेच्या प्रगतीचा आलेख दिसतो. १९९२ च्या खेळातील मार्ग सपाट आहेत, कारण त्या काळच्या यंत्रात जमिनीचे एक सपाट चित्र फिरवून खोलीचा आभास निर्माण केला जाई. 'मारिओ कार्ट ६४'मधील मार्गांत मात्र खरे चढउतार आढळतात. 'सुपर सर्किट'मध्येही पहिल्या खेळातील मार्ग अतिरिक्त म्हणून दिलेले होते. मात्र आधीच्या सर्व खेळांतून निवड करून नव्या मार्गांइतकेच जुने मार्ग देण्याची प्रथा मारिओ कार्ट डीएसने पाडली.

एकत्रित खेळ

जवळ बसलेले आठपर्यंत खेळाडू तारेविना एकाच शर्यतीत सहभागी होऊ शकत. विशेष म्हणजे त्यासाठी प्रत्येकाकडे खेळाची प्रत असणे आवश्यक नव्हते. एका खेळाडूकडील प्रतीतून आवश्यक भाग इतर कन्सोलवर तात्पुरता पाठवला जाई. असे सहभागी होणाऱ्यांना 'शाय गाय' हे एकच पात्र मिळे व मोजकेच मार्ग खेळता येत. तरीही एका प्रतीवर आठ मुलांनी खेळणे शक्य झाल्याने हातातल्या कन्सोलवरील खेळ हा एकट्याचा विरंगुळा राहिला नाही.

इंटरनेटवरील खेळासाठी निंटेंडोने 'निंटेंडो वाय-फाय कनेक्शन' ही विनामूल्य सेवा सुरू केली. उत्तर अमेरिकेत तिचा आरंभ या खेळाच्या प्रकाशनाबरोबरच झाला. ज्यांच्या घरी बिनतारी इंटरनेट नव्हते त्यांच्यासाठी संगणकाला जोडायचे एक छोटे उपकरण विक्रीस ठेवण्यात आले, तर अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहांतून ही सेवा उपलब्ध करून देण्यात आली. इंटरनेटवर एका वेळी चारच खेळाडू शर्यतीत असत, ३२ पैकी २० मार्ग उपलब्ध होते आणि लढतीचा प्रकार तेथे खेळता येत नसे. मित्रांशी खेळण्यासाठी १२ अंकी सांकेतिक क्रमांकांची देवाणघेवाण करावी लागे. हार दिसू लागताच जोडणी तोडून निघून जाणारे खेळाडू ही या सेवेविषयीची नेहमीची तक्रार होती.

इंटरनेट सेवेची अखेर आणि जतनाचा प्रश्न

निंटेंडोने २० मे २०१४ रोजी निंटेंडो वाय-फाय कनेक्शन ही सेवा बंद केली. खेळाच्या प्रती खेळाडूंच्या हाती राहिल्या, एकट्याने किंवा जवळ बसून खेळणेही चालू राहिले. परंतु वेष्टनावर जाहिरात केलेले एक वैशिष्ट्य त्या दिवसापासून नाहीसे झाले. एप्रिल २०१५ मध्ये 'वी यू' या कन्सोलसाठी हा खेळ पुन्हा उपलब्ध करून देण्यात आला. मात्र त्या आवृत्तीत इतरांसोबत खेळण्याची सोय नव्हती. वी यूचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झाल्यावर ती आवृत्ती नव्याने घेण्याचा मार्गही खुंटला.

मूळ सेवा थांबल्यावर काही चाहत्यांनी स्वखर्चाने व स्वयंसेवी वृत्तीने पर्यायी सेवा उभारल्या. त्यांपैकी 'विमफी' ही विशेष प्रसिद्ध आहे. अशा सेवांचा निंटेंडोशी संबंध नाही. त्यांच्यापुढे तांत्रिक अडचणीही आहेत. डीएसचे हे खेळ बिनतारी इंटरनेटच्या 'वेप' या जुन्या सुरक्षा पद्धतीलाच ओळखतात. ही पद्धत सहज भेदता येण्याजोगी ठरल्याने आधुनिक उपकरणांत ती वगळली जाते. त्यामुळे मूळ यंत्र आजच्या घरगुती जोडणीवर चालवायचे, तर ती जोडणी असुरक्षित करावी लागते किंवा जुने उपकरण जपून ठेवावे लागते.

पुस्तकाची प्रत ग्रंथालयात जपली की त्यातील मजकूर जपला जातो. इंटरनेटवर अवलंबून असणाऱ्या खेळाबाबत तसे होत नाही. प्रत शिल्लक राहते, परंतु जगभरातील अनोळखी खेळाडूंबरोबरची शर्यत, तिच्यातील वाद व संकेत यांसह, दूरच्या यंत्रणेवर आणि खेळणाऱ्यांच्या उपस्थितीवर अवलंबून असते. स्नेकिंगचा वाद आज प्रामुख्याने चर्चांच्या व ध्वनिचित्रफितींच्या नोंदींतूनच समजून घ्यावा लागतो.

स्वागत आणि विक्री

समीक्षकांनी या खेळाचे चांगले स्वागत केले. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या 'मेटाक्रिटिक' या संकेतस्थळावर त्याला १०० पैकी ९१ गुण आहेत. धावमार्गांची विपुलता, सहज हाताळणी आणि इंटरनेटवरील खेळ यांची प्रशंसा झाली. इंटरनेटवरील मर्यादित पर्याय आणि स्नेकिंग यांवर टीका झाली. निंटेंडो डीएसच्या सर्वाधिक विकल्या गेलेल्या खेळांत 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स' व 'निंटेंडॉग्स' यांच्यानंतर त्याचा क्रमांक लागतो.

वारसा

नव्या व जुन्या मार्गांची समान विभागणी, इंटरनेटवरील शर्यत आणि पुढच्या गाडीच्या मागे राहून हवेचा विरोध टाळत वेग घेण्याची सोय ही या खेळातील वैशिष्ट्ये पुढे मालिकेत रूढ झाली. बुलेट बिल व ब्लूपर या वस्तूही टिकून राहिल्या. या खेळातील नवे धावमार्ग आता स्वतःच 'जुने' म्हणून परत येतात. योशी फॉल्स व डेल्फिनो स्क्वेअर हे 'मारिओ कार्ट वी'मध्ये, वालुईजी पिनबॉल व एअरशिप फोर्ट्रेस हे 'मारिओ कार्ट ७'मध्ये, तर चीप चीप बीच व टिक-टॉक क्लॉक हे 'मारिओ कार्ट ८'मध्ये समाविष्ट करण्यात आले. टिक-टॉक क्लॉकचा रस्ता तेथेही घड्याळाच्या चक्रांवरूनच जातो, मात्र मिनी-टर्बो मिळवण्यासाठी आता बटण आलटून पालटून दाबावे लागत नाही.